पॉइंटर फळीच्या टोकाशी थबकते, पाण्यात उडीच घेत नाही. मदत हवी आहे

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी,

श्वानप्रेमींच्या जुन्या धाग्यावर आता फक्त फोटो आणि 'कित्ती गोड' एवढंच चालतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमची चिंगी, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, दोन वर्षं पूर्ण. अंगावर तपकिरी ठिपके असल्यामुळे सोसायटीत सगळे तिला डाल्मेशियन समजतात, मी आता दुरुस्त करणं सोडलंय. ही जात शिकाऱ्याबरोबर दिवसभर रानात धावायला तयार केलेली आणि आम्ही राहतो घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर. सकाळी तासभर पळवलं, संध्याकाळी पुन्हा फिरवलं तरी रात्री नऊला बाई चप्पल तोंडात धरून दारात हजर. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली, ती तशीच राहावी. येऊरच्या जंगलात कुत्रा नेता येत नाही, तो नियमही बरोबरच आहे. पण हिची ऊर्जा जिरवायची कुठे?

तर सध्या डॉक जम्पिंगचं खूळ डोक्यात घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाण्याकडे जाणारा ४० फूट लांब, ८ फूट रुंद ओटा, पाण्यापासून साधारण २ फूट उंच. आपण खेळणं फेकायचं, कुत्र्याने धावत येऊन त्यामागे झेप घ्यायची. झेपेची लांबी मोजतात. अमेरिकेत १९९७ पासून याच्या स्पर्धा होतात आणि कुठलीही जात, अगदी मिश्र जातीची कुत्रीसुद्धा, उतरू शकतात.

पनवेलच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतघरावर पोहण्याचा तलाव आहे. पाणी पाच फूट. त्यांनी हौसेने एका बाजूला फळ्यांचा ओटा बांधून दिलाय, अर्थात ४० फुटी नाही, त्याच्या निम्म्याहून कमीच. चिंगी पायऱ्यांवरून छान पाण्यात जाते, मस्त पोहते, डमी (फेकून आणायला लावायचं तरंगणारं खेळणं) आणून हातात देते. पण ओट्यावरून? सुसाट धावत येते आणि अगदी टोकाला आली की करकचून ब्रेक. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ, मान ताणलेली, नाक थेट तरंगणाऱ्या डमीकडे. पॉइंट! तितर दिसल्यासारखी उभी राहते आणि हलत नाही. तलावाचे मालक म्हणाले, "हळूच ढकला, एकदा पडली की भीती जाईल." मला ते पटत नाही.

भीती आहे की जातीचा गुण? आणि हिला उडी शिकवायचा काही मार्ग आहे का? कुणी पॉइंटर, सेटर, वाइमरानर, विझला यांच्याबरोबर हे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

तलावपाळीचा_बोका

ठाण्यात महापालिका गणपतीत कृत्रिम तलाव बांधते, त्यात सराव करून घ्या. बाप्पा गेल्यावर रिकामेच असतात. 😁

(कृपया खरंच करू नका. रंग आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या काल्यात माणूसही उतरू नये.)

---

शिट्टी_आणि_पट्टा

ढकलू नका हे आधी ठळक अक्षरात. स्पर्धेतही कुत्र्याला ढकलणं किंवा उचलून फेकणं चालत नाही आणि ते उगाच नाही. एकदा पायाखालची फळी विश्वासघातकी वाटली की पुढचे कित्येक महिने ती त्या ओट्याच्या जवळही येणार नाही.

तुम्ही केलेलं वर्णन भीतीचं वाटत नाही. घाबरलेलं कुत्रं शेपूट पायात घालतं, मागे सरकतं, जीभ ओठांवरून फिरवतं, भुंकत कडेकडेने पळतं. चिंगीची शेपूट सरळ आहे, ती पुढे झुकलीय. हा निव्वळ पॉइंट.

कोणताही शिकारी प्राणी झडप घालण्याआधी क्षणभर थांबतो. मांजर पाहा. पॉइंटर जातींमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नेमका तो क्षण निवडून लांबवला, कारण पक्षी उडायच्या आधी शिकाऱ्याला जवळ यायला वेळ हवा असायचा. हा थांबा येतो कशामुळे? समोरची वस्तू स्थिर असल्यामुळे. पक्षी गवतात दबून बसलाय तोवर पॉइंट. पक्षी उडाला की मात्र न शिकवलेलं पॉइंटर त्यामागे सुसाट सुटतं. त्याला तेव्हाही थांबवायला वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं.

आता सांगा, तुम्ही डमी कधी फेकता? ती धावायच्या आधी की धावताना?

---

घोडबंदरवाली

भाऊ आधी फेकतो, डमी पाण्यात पडते, मग मी तिला सोडते. यूट्यूबवर बऱ्याच लॅब्राडॉरवाल्यांना असंच करताना पाहिलंय.

---

शिट्टी_आणि_पट्टा

झालं तर मग. लॅबचं काम पडलेलं आणणं. त्याला पडलेली डमी दिसली की तो जाणारच. तुमच्या चिंगीला पाण्यावर निवांत डुलणारी डमी म्हणजे गवतात बसलेला पक्षी. ती तिचं काम चोख करतेय, तुम्हाला फक्त दुसरं काम हवंय!

दोन पद्धती असतात. एकीत खेळणं आधी पाण्यात टाकून कुत्रं सोडतात. दुसरीत, जिला 'चेस' म्हणतात, कुत्र्याला ओट्याच्या मागच्या टोकाला बसवून ठेवतात, मालक पुढच्या टोकाशी जाऊन हाक मारतो आणि ते धावत येत असतानाच खेळणं त्याच्या नाकापुढून हवेत फेकतो. कुत्र्याची नजर हवेतल्या वस्तूवर, आणि ओटा संपतो तेव्हा वस्तू अजून उडतेच आहे. पॉइंटरला ही दुसरी. हलणाऱ्या वस्तूवर ती पॉइंट धरत नाही, पाठलाग करते.

फेक जमायला वेळ लागतो, तो माणसालाच. लवकर फेकली तर डमी पाण्यात पडून स्थिर होते आणि बाईसाहेब पुन्हा पुतळा. उशिरा फेकली तर ती तुमच्याकडे बघत टोकाशी येऊन उभी. तेव्हा आधी मैदानात कुत्र्याशिवाय, मग कुत्र्यासह कोरड्या जमिनीवर फेकायचा सराव करा. डमी थोडी वर, कमानीत जायला हवी, म्हणजे कुत्रं वर बघत उडतं. सपाट फेकली की पोटावर आपटतं.

ओट्याची उंचीही आधी कमी ठेवा. पाण्याच्या जेमतेम वितीभर वर फळी, दोन-तीन पावलांची धाव, तेवढंच. तिथे ती न थबकता जायला लागली की हळूहळू धाव वाढवा, उंची सगळ्यात शेवटी. आणि तिची हौस शिल्लक असतानाच खेळ थांबवा. मालकांना हे सर्वात कठीण जातं, एक व्हिडिओ अजून हवा असतो.

---

नेरूळचा_नाना

वरचा प्रतिसाद सुरेख. आमच्याकडे इंग्लिश पॉइंटर आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. जर्मन शॉर्टहेअर्ड ही शोधणं, पॉइंट धरणं, आणून देणं, पाण्यात उतरणं अशी सगळी कामं करायला घडवलेली जात, बोटांमध्ये पडदाही चांगला असतो. इंग्लिश पॉइंटरचं तसं नाही. त्यांच्याकडून शिकारी लोक पक्षी शोधून घेत आणि आणायला दुसरं कुत्रं नेत. आमच्या साहेबांना डमी पाण्यातून आणण्यात काडीचा रस नाही. पामबीच रोडच्या कडेने फिरायला नेलं की पाणथळीतल्या फ्लेमिंगोंवर मात्र असा पॉइंट धरतात की लोक कॅमेरा पक्ष्यांवरून याच्याकडे वळवतात. पट्टा हातात घट्ट धरून, अर्थात. तेव्हा ज्यांच्याकडे इंग्लिश पॉइंटर आहे त्यांनी लांब उड्यांच्या फार आशा ठेवू नयेत.

डमीला कबुतराची पिसं बांधून आमिष दाखवावं का, असं मनात आलं होतं. शिट्टीसाहेब, काय म्हणता?

---

शिट्टी_आणि_पट्टा

नाना, पिसांचा वास म्हणजे पॉइंटला निमंत्रणच, उलटा परिणाम होईल. शिवाय डॉकडॉग्ज (या स्पर्धा भरवणारी संस्था) हिच्या नियमांत खेळणं तरंगणारं हवं, त्यात खाऊ चालत नाही, जिवंत वा मेलेला पक्षी-प्राणीही नाही. शॉक देणारे किंवा टोचणारे पट्टे ओट्यावर चालत नाहीत. सवय पहिल्यापासून तशीच लावावी.

---

डॉ_मांजरवाला

मी पशुवैद्य आहे, नाव मांजरांचं असलं तरी कुत्रीही बघतो. उडीबद्दल बोलणार नाही, उडीनंतर आमच्याकडे काय येतं ते सांगतो.

सर्वात आधी पाणी पोटात जाणं. पुन्हा पुन्हा तोंड उघडून पाण्यात झेप घेणारं कुत्रं खेळाच्या भरात भरमसाट पाणी गिळतं. रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते. पोट फुगलंय, ओकारी, लाळ, अडखळत चालणं, थिजलेली नजर, यातलं काही दिसलं तर 'दमली असेल' म्हणून घरी नेऊन झोपवू नका, थेट दवाखाना गाठा. यात तास मोजायला वेळ नसतो. चेंडूपेक्षा चपटी किंवा बारीक डमी वापरा, तोंड कमी उघडतं. मध्ये मध्ये सक्तीची विश्रांती द्या.

दुसरं, ही खोल छातीची जात आहे. भरल्या पोटी उड्या नकोत, पोटाला पीळ पडण्याचा धोका या जातींत जास्त असतो. जेवण आणि खेळ यांत काही तास ठेवा, खेळ झाल्यावरही लगेच भरपेट वाढू नका.

तिसरं, वय. चिंगी दोन वर्षांची आहे, ठीक आहे. स्पर्धेत सहा महिन्यांचं पिल्लू उतरू शकतं म्हणून कुणी सहा महिन्यांच्या पिल्लाला उंच ओट्यावरून झेपा घ्यायला लावू नये. मोठ्या जातींच्या हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर पोहणं आणि पायऱ्यांवरून उतरणं पुरे.

आणि पावसाळा. आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस हा पुस्तकातला आजार नाही. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या साचल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. लस दरवर्षी हवी. खाडी, डबकी, आणि नवी मुंबईत जुन्या दगडखाणींत साचलेलं निळं-हिरवं सुंदर पाणी, यांत कुत्रं सोडू नका. खाणीत तळाचा अंदाज येत नाही आणि बाहेर यायला काठही नसतो.

कान लोंबते आहेत, पोहून झाल्यावर कोरडे करा. एवढंच.

---

गावठी_झिंदाबाद

आमचा गावठी मोती कळव्याच्या नाल्यावरून फुकट उड्या मारतो, ओटा नाही, डमी नाही. 😄 गंमत सोडा, मिश्र जाती चालतात म्हणालात तर त्यालाही आणू का कधी?

---

घोडबंदरवाली

मोतीचं स्वागत, आधी लस दाखवा!

अपडेट देते. मालकांनी पायरीजवळ पाण्याला जवळजवळ टेकेल अशी एक रुंद फळी टाकून दिली. भावाला फेकायचा सराव गच्चीवर करायला लावला, शेजाऱ्यांनी खूप बघितलं. रविवारी तिला बसवलं, हाक मारली, डमी नाकापुढून गेली आणि चिंगी गेली की हो तिच्यामागे! लांबी विचारू नका, ती झेप कमी आणि धपकन पडणं जास्त होतं, पण चारही पाय फळीवरून सुटले. त्यानंतर मात्र ऐकेचना, स्वतःच फळीवर जाऊन बसायची. मधल्या उंचीच्या ओट्यावर अजून कधी उडते, कधी थबकते. थबकली की आम्ही डमी दोरीने ओढून घेतो आणि पुन्हा मागून सुरू करतो.

एक काळजी आहे. काल संध्याकाळपासून शेपूट लुळी पडलीय. मुळाशी जरा आडवी, मग सरळ खाली लोंबते. हात लावला की कुंई करते. खाणं-पिणं व्यवस्थित. काही मोडलं तर नाही ना?

---

डॉ_मांजरवाला

वर्णनावरून 'लिंबर टेल' वाटतं, पोहणाऱ्यांची शेपूट असंही म्हणतात. पोहताना शेपटी सुकाणूसारखी वापरली जाते, सवय नसताना अचानक जास्त काम पडलं की मुळाशी असलेले स्नायू दुखावतात. पॉइंटर आणि रिट्रीव्हरांत नेहमी दिसतं. बहुतेक वेळा विश्रांतीने काही दिवसांत ते आठवड्याभरात बरं होतं. पण तपासून घ्या. शेपटीचं हाड मोडणं, पाठीचा त्रास, गुदग्रंथींचा संसर्ग, हेही असंच दिसू शकतं आणि ते फोरमवरून कळत नाही.

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. कुणीही सांगितलं तरी. शेपूट पूर्ववत हलायला लागेपर्यंत पाणी बंद.

---

घोडबंदरवाली

दाखवून आणलं. तेच निघालं, लिंबर टेल. दुखण्याचं औषध मिळालं, आठवडाभर विश्रांती. धन्यवाद डॉक्टर.

विश्रांतीत दुसरा प्रश्न सुचला: लांबी घरच्या घरी मोजायची कशी? नाकापासून की पायापासून?

---

शिट्टी_आणि_पट्टा

दोन्ही नाही. ओट्याच्या टोकापासून ते शेपटीचं मूळ जिथे पाण्याला लागतं तिथपर्यंत. त्यामुळे ज्यांच्या कुत्र्याची शेपूट पिल्लूपणीच आखूड केलीय त्यांना फायदा नाही, तोटाही नाही. तलावाच्या काठाला फुटाफुटावर रंगीत चिकटपट्टी लावा, मोबाइल पाण्याच्या आडव्या बाजूने, कमी उंचीवर, स्टँडवर ठेवून स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा. स्पर्धेत एका फेरीत दोन उड्या मिळतात, चांगली असेल ती धरतात.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: 'नॉर्थ अमेरिका डायव्हिंग डॉग्ज' या दुसऱ्या संस्थेच्या स्पर्धांत १० फुटांच्या आतले सगळे नवशिक्या गटात, १५ फूट गाठलं की सीनियर, २० ला मास्टर, २४ ला एलिट. साउंडर्स नावाच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्याने २०१९ मध्ये ३६ फूट २ इंच झेप घेतली होती. चिंगीला सध्या नवशिक्यांत जागा आहे, भरपूर.

आणखी एक, ओट्यावर काही अंथरलंय का? ओल्या फळीवर पाय घसरला की पॉइंटर असो वा लॅब, थबकणारच. काथ्याची चटई ओली होऊन सरकते, खरबरीत रबर मॅट कडेला लाकडी पट्टीने पक्की करा. खिळ्यांची डोकी वर राहता कामा नयेत. उन्हात रबर तापतं, तेव्हा दुपारी नको, सकाळी लवकर.

---

घोडबंदरवाली

नाही अंथरलं. मधल्या उंचीवरचं कधी-कधीचं थबकणं त्यामुळेही असू शकेल, मॅट आणतेच.

शेपूट आता थोडी हलते. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यापुढच्या रविवारी सकाळी सातला पनवेलला जाणार. मालकांची परवानगी घेतलीय, पण एका वेळी चारच कुत्री. नाना, तुमच्या साहेबांना डमी नको असेल तर नुसते पोहायला आणा. गावठी_झिंदाबाद, मोतीचं लसीचं कार्ड माझ्या विपूत (विचारपुशीत) टाका. लाइफ जॅकेट आपापलं आणा, पाठीवर पकडायला मूठ असलेलं. चौथी जागा रिकामी आहे, कुणाला हवी?

---

नेरूळचा_नाना

आम्ही येतो. साहेब काठावरून मार्गदर्शन करतील.

---

विझलावाली_खारघर

चौथी जागा मला! विझला, नर, तीन वर्षं, पाण्याला बिचकतो. पायऱ्यांवरून सुरुवात करायला मिळेल ना?

---

घोडबंदरवाली

मिळेल की. पायऱ्या रुंद आहेत आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर पाणी गुडघ्याच्याही खाली असतं. त्याला आधी चिंगी पोहताना बघू दे. पत्ता विपूत पाठवते.