टंचाई, तुटवडा, दुर्मिळता : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न (अनुवादक)

ग्रामीण पाणीपुरवठ्याविषयीच्या एका इंग्रजी अहवालाचे मराठी भाषांतर सध्या करत आहे. त्यात ‘स्कार्सिटी’ हा शब्द पानोपानी येतो. कधी पाण्यासंबंधी, कधी चाऱ्यासंबंधी, तर एका प्रकरणात निव्वळ अर्थशास्त्रीय अर्थाने. शब्दकोश टंचाई, तुटवडा, दुर्मिळता, अभाव हे सारे पर्याय एका ओळीत देऊन मोकळा होतो. यांतून निवड कशी करावी आणि ‘टंचाई’ व ‘दुष्काळ’ हे शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर १ (व्याकरणप्रेमी)

रूढ जोड्या पाहिल्या की बरेच काही सुटते. पैशाची चणचण असते, रक्ताचा किंवा खतांचा तुटवडा असतो, पाण्याची टंचाई असते आणि चांगल्या शिक्षकांची वानवा असते. या जोड्या मोडल्या की वाक्य कानाला खटकते. तुटवड्यात मागणीच्या मानाने पुरवठा कमी पडलेला असतो, तर अभावात वस्तूच नसते. अर्थशास्त्राच्या प्रकरणात मात्र ‘दुर्मिळता’च ठेवावी, कारण अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली केलेली अर्थशास्त्राची व्याख्या आपल्याकडे त्याच नावाने शिकवली जाते. गरजा अमर्याद, साधने मर्यादित आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग, एवढाच तिचा आशय असल्यामुळे भरल्या बाजारातली वस्तूही त्या अर्थाने दुर्मिळ ठरते. ‘गावात पाण्याची दुर्मिळता आहे’ असे मात्र कृपया लिहू नये.

उत्तर २ (निवृत्त महसूल कर्मचारी)

टंचाई आणि दुष्काळ समानार्थी मुळीच नाहीत. निदान कचेरीत तरी नाहीत. महाराष्ट्राने १९६३ साली खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ (दुष्काळ) हा शब्दच वगळला, कारण तशी परिस्थिती आता उद्भवणारच नाही असे शासनाचे म्हणणे होते. पुढे नऊ वर्षांनी जे ओढवले त्याला लोक आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, बहात्तरची टंचाई कोणी म्हणत नाही.

आजचा फरक पैशांचा आहे. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती लागू होतात. टंचाईचा संबंध मुख्यतः पिण्याच्या पाण्याशी येतो. तिच्यासाठी ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांचा टंचाई आराखडा तयार होतो आणि त्यात नवीन विंधन विहिरी, नळ योजनांची विशेष दुरुस्ती, खाजगी विहिरींचे अधिग्रहण, नदीपात्रात बुडक्या (पाण्यासाठीचे खड्डे) घेणे आणि अखेरीस टँकर, ही कामे असतात. गावातली एखादी विहीर अधिग्रहित झाली की तिच्या मालकाला शासन मोबदला देते. पण शेजारच्या करपलेल्या पिकाशी त्या आराखड्याला काही देणेघेणे नसते.

उत्तर ३ (शहापूरकर)

वरील उत्तराला पुस्ती जोडतो. टंचाई म्हणजे पाऊस कमी, असे समीकरण अहवालात येऊ देऊ नका. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाऊस धो धो पडतो, मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि तरीही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतात. कातळावरून पाणी वाहून जाते आणि धरणातले नळाने शहराकडे जाते. इथे दुष्काळ हा शब्द कोणी वापरला, तर आम्हालाच हसू येईल.

अनुवादक

सर्वांचे आभार. मूळ लेखकाने काही ठिकाणी ‘स्कार्सिटी-लाइक’ असेही लिहिले आहे. तिथे ‘टंचाईसदृश’ चालेल का?

उत्तर (निवृत्त महसूल कर्मचारी)

शासकीय आदेशाचा उल्लेख असेल, तर आदेशात जो शब्द असेल तोच जसाच्या तसा ठेवा. या ‘सदृश’वरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि २०१६ साली शासनाला परिपत्रक काढून ‘दुष्काळसदृश’ म्हणजे ‘दुष्काळ’च समजावे, असे कळवावे लागले. लेखकाचे स्वतःचे वर्णन असेल, तर ‘पाणी अपुरे पडू लागले होते’ असे सरळ लिहिलेले बरे.