उत्तर: स्ट्रोक ३.५ वरून ४.२ मिमी केल्यावर वाढलेली थरथर

कॅम (मोटरवरची, सुई वर-खाली करणारी चकती) बदलून स्ट्रोक, म्हणजे सुईची वर-खाली धाव, ४.२ केला आणि टॅटूचं रोटरी (मोटरवर फिरणारं) मशीन हाताला झिणझिण्या आणू लागलं, म्हणून तुमचं मोटरच बदलायचं चाललंय. आधी हलत्या भागांचा तोल बघा, मोटर बहुधा निर्दोष आहे.

कॅमवरच्या पिनचं केंद्रापासूनचं अंतर स्ट्रोकच्या निम्मं असतं, म्हणजे १.७५ वरून ते २.१ मिमी झालं. सेकंदाला १०० ठोके धरले तर सरकत्या भागाचं कमाल त्वरण सुमारे ७० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ७० पट) वरून ८४ जी वर जातं. जुनं काउंटरवेट (पिनच्या विरुद्ध बाजूचं, तोल साधणारं वजन) तेच राहिलं, तर हा जादा २० टक्के धक्का थेट पकडीत उतरतो.

नवं वजन काढताना पिन आणि बेअरिंग पूर्ण धरा, कारण ते फिरतात. सुई ढकलणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या दांड्याचं मात्र निम्मंच. पूर्ण धरलंत तर उभी थरथर जाऊन आडवी येते, आणि रेघ काढताना तीच जास्त नडते. उदाहरणार्थ, दांडा ६ ग्रॅमचा असेल तर त्याच्या वाट्याला ६ × २.१ ÷ २, म्हणजे ६.३ ग्रॅम-मिमी येतात. केंद्रापासून ४ मिमीवर बसवलं तर साधारण १.६ ग्रॅम वजन. त्याहून उत्तम म्हणजे दांडाच हलका करणं, पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा.

तोल जमूनही रेघ तुटत असेल तर कार्ट्रिजचा (सुई असलेल्या बदलत्या नळीचा) पडदा, म्हणजे सुईला मागे ओढणारं रबर, तपासा. सैल पडद्यामुळे सुई दांड्याबरोबर वेळेत मागे येत नाही. अशा वेळी व्होल्टेज वाढवलं की रेघ आणखी तुटते. घट्ट पडद्याचं कार्ट्रिज लावा.