'द लोन रेंजर' (१९३८): नायकाची ओळख प्रेक्षकांपासूनही का लपवली असावी?

प्रश्न (पटवेडा)

रिपब्लिक पिक्चर्सची १५ भागांची 'द लोन रेंजर' ही चित्रपटमालिका नुकतीच पाहून पूर्ण केली. काळ १८६५चा, प्रदेश टेक्सासचा. दुसऱ्याचे नाव धारण करून अधिकारपदावर बसलेला जेफ्रीज जनतेला लुबाडतो. त्याच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या पाच तरुणांपैकी एक जण मुखवटाधारी रेंजर असतो. अशा कथांमध्ये मुखवट्यामागे कोण आहे हे गावाला ठाऊक नसले तरी प्रेक्षकाला बहुधा ठाऊक असते. येथे मात्र आपल्यालाही अखेरपर्यंत थांग लागू दिलेला नाही. ही रचना का निवडली असावी, आणि तिच्यामुळे नायकाविषयीची आपुलकी उणावते का?

प्रतिसाद (नभोवाणी)

मला याचे मूळ रेडिओत दिसते. हा नायक १९३३ साली डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावरून श्रोत्यांपुढे आला. आवाज घराघरांत ओळखीचा झाला, पण चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, आणि पडद्यावर पहिल्याच भागात तो उघड केला असता तर त्या पात्राचे वलयच गेले असते. म्हणूनच येथील मुखवटा केवळ डोळ्यांपुरता नाही, तो खाली जाळीसारखा हनुवटीपर्यंत उतरतो. मुखवट्यातल्या रेंजरचा आवाजही बिली ब्लेचर या वेगळ्या नटाने दिला आहे, त्यामुळे कानाने ओळखण्याची वाटही बंद होते. शिवाय हे भाग आठवड्याला एक याप्रमाणे दाखवण्यासाठी बनवलेले होते. पाचांपैकी एकेक जण मारला जातो, तसतसा संशयाचा घेर आवळत जातो आणि उरलेल्यांविषयीची काळजी वाढते. प्रेक्षक पुढच्या आठवड्यात पुन्हा चित्रपटगृहात येण्यास हे कारण पुरेसे होते.

प्रतिसाद (सह्याद्रीचा_स्वार)

रचना हुशारीची आहे हे मान्य, परंतु तिची किंमत रेंजरची भूमिका करणाऱ्या ली पॉवेलला मोजावी लागली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नायक तोच असूनही बहुतेक भागांत तो पाचांतला एक म्हणूनच वावरतो. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश याच दिग्दर्शकद्वयाची १९३९ची 'झोरोज फायटिंग लीजन' ही १२ भागांची मालिका अवश्य पाहावी. तेथे डॉन दिएगो हाच मुखवटाधारी नायक झोरो हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असते आणि गूढ खलनायकाकडे सरकवलेले आहे: सोनेरी चिलखतातला 'डॉन देल ओरो' नेमका कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे उत्कंठाही राहते आणि नायकही आपला वाटतो. रेंजरच्या १९३९च्या पुढील मालिकेत तर रॉबर्ट लिव्हिंग्स्टन बराच वेळ मुखवट्याविना दिसतो. स्टुडिओनेही वाट बदलली, ती योग्यच होती.

प्रतिसाद (जुनी_रिळे)

आपुलकीच्या प्रश्नात रेंजरचा मूळनिवासी साथीदार टोंटो याला विसरता कामा नये. घातपातातून वाचलेल्या जखमी रेंजरची शुश्रूषा त्यानेच केली, त्यामुळे मुखवट्यामागचा माणूस त्याला पक्का ठाऊक आहे. त्याचा विश्वास पाहूनच आपण त्या अनोळखी स्वारावर विश्वास ठेवू लागतो, आणि चीफ थंडरक्लाउड या नटाने ही भूमिका फार संयमाने केली आहे.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना: १९४०चा 'हाय-यो सिल्व्हर' हा याच मालिकेचा सुमारे सत्तर मिनिटांचा संक्षेप आहे, त्यात पाच संशयितांचा खेळ पुरेसा उलगडत नाही. मूळ मालिकेच्या प्रती दुर्मीळ असून स्पॅनिश उपशीर्षके असलेली प्रत मिळाली तरी ती टाळू नये.