मदत हवी आहे : मुलाचे मुरूम, व्हे प्रोटीन आणि घरगुती लेप

नमस्कार मंडळी,

माझा 19 वर्षांचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. जिमला जाऊन व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची भुकटी) घेऊ लागल्यापासून त्याच्या कपाळावर, जबड्याच्या कडेला आणि पाठीवर ठणकणारे मुरूम उठत आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्रीसाठी अ‍ॅडापलीन जेल (त्वचेची छिद्रे मोकळी ठेवणारे औषध) आणि सकाळसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांतले जंतू मारणारे औषध) दिले असून फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतील, असे सांगितले आहे. हे उपचार चालूच राहतील. त्यांना आहाराची आणि वनस्पतींची जोड कशी द्यावी, एवढेच मला विचारायचे आहे.

पहिला प्रश्न आहाराचा. घरात सगळे जण तिखट-तेलकटाला आणि ‘अंगातल्या उष्णते’ला दोष देतात, परंतु मी जे वाचले त्यात रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. अशा पदार्थांमुळे इन्सुलिन वाढते आणि त्याच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या प्रयोगात अशा पदार्थांचे प्रमाण कमी केल्यावर मुरूमही कमी झाले होते. व्हेसुद्धा इन्सुलिन वाढवते. मुलाच्या मेसच्या ताटात भाताचा डोंगर आणि वाटीच्या तळाशी थोडी डाळ असते. वर दिवसभर गोड चहा आणि क्रीमरोल. प्रथिनांसाठी व्हे सोडायला तो तयार नाही, पण 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून त्याला साधारण 25 ग्रॅम प्रथिने, म्हणजे व्हेच्या एका मापाएवढीच, मिळू शकतात. खोलीवर फक्त विजेची किटली असताना वड्या, अंडी, फुटाणे, मोड आलेली मटकी यांवर भागवणाऱ्यांनी रोजचा बेत कसा बसवला आणि व्हे सोडल्यावर त्वचेत फरक पडला का, हे कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न लेपांचा. सासूबाई सहाणेवर निरशा दुधात जायफळ उगाळून लावायला सांगतात, आणि त्यामागची माया मला कळते. पण अ‍ॅडापलीनने आधीच कोरड्या पडून सोलवटलेल्या त्वचेवर जायफळ चरचरेल आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर महिनोन्‌महिने न जाणारे काळपट डाग मागे राहतील, अशी मला भीती वाटते. लिंबाच्या रसाला मी त्याच कारणाने नकार दिला आहे, कारण तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. कोरफडीचा गर मात्र सौम्य वाटतो. पान कापून त्यातला पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, एवढी काळजी आम्ही घेतो. आयुर्वेदात तारुण्यपीटिकांवर लोध्र (एका झाडाची औषधी साल), धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. अ‍ॅडापलीन चालू असताना हा लेप कोणी वैद्यांच्या देखरेखीखाली वापरला आहे का? वापरला असल्यास किती वेळ ठेवला, रात्रीच्या जेलपासून किती अंतर राखले आणि आग झाली का, हे कळल्यास फार उपयोग होईल.

पाठीवरच्या मुरुमांसाठी कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ केल्याचा कोणाचा अनुभव असेल, तर तोही सांगावा. औषधांच्या दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र कृपया कोणीही सुचवू नयेत.