प्रति: 'चादर' शोधली की भलतंच येतं
नोंदींच्या शोधात 'चादर' टाकल्यावर 'सुताचे दर' येतात, अशी तक्रार आहे. शोधामागे एसक्यूलाइट या डेटाबेसचं एफटीएस५ (मजकूर शोधायची सोय) असेल तर कारण हेच: त्याचा मूळचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा अक्षरांत धरतच नाही, तिथे शब्द तोडतो. 'चादर'चे 'च' आणि 'दर' होतात, 'सुताचे दर'मध्येही नेमके तेच लागोपाठ येतात! टेबल बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज'मध्ये 'एमएन' आणि 'एमसी' (युनिकोडमधले काना-मात्रांचे वर्ग) यांची भर घाला, इंडेक्स (शोधाची सूची) नव्याने बांधा. सोलापूरच्या जुन्या नोंदींवर मी हेच केलं, फार फरक पडला.

मग उरतात शब्दरूपं. 'सोलापूर'ने 'सोलापुरात' सापडत नाही, 'पू'चा 'पु' होतो. म्हणून 'सोलाप*' शोधा ('*' म्हणजे पुढे काहीही चालेल). आणि सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉचे कागद हवे असतील तर 'शोलापूर' या जुन्या रूपासाठी 'शोलाप*'सुद्धा, ते विसरू नका.