वादविवाद स्पर्धा: ‘अण्वस्त्रांमुळेच तिसरं महायुद्ध टळलं’. प्रतिकूल बाजूला मुद्दे हवेत

बाई, नौपाडा

नमस्कार. मी ठाण्यात एका शाळेत शिकवते. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी नववीच्या दोन मुलींची तयारी करून घेतेय. अनुकूल बाजूचं भाषण पटकन बसलं: नागासाकीनंतर एकही अणुबॉम्ब युद्धात पडला नाही, अमेरिका आणि रशिया समोरासमोर कधी लढले नाहीत. प्रतिकूल बाजूची मुलगी मात्र हट्टी आहे. ‘आम्हाला शांतता हवी’ असलं भाषण तिला करायचंच नाही. तिचा सवाल असा: नुसत्या भीतीने भागत होतं, तर या देशांनी एवढे करार कशासाठी केले? तिला घट्ट पुरावे हवेत. मे 2025मध्ये हवाई हल्ल्याच्या भोंग्यांची मॉक ड्रिल झाली तेव्हापासून मुलं या विषयावर फार मनापासून बोलतात, म्हणून इथे विचारतेय.

कळवेकर

ताई, अनुकूल बाजूच खरी आहे. कारगिलमध्ये आपल्या हवाई दलाने नियंत्रण रेषा ओलांडली नाही. दोन्हीकडे बॉम्ब होते म्हणूनच ना? करार हे कागद आहेत. ज्याला मोडायचा तो मोडतो.

निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, ऐरोली

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये गेली, त्यामुळे मी याकडे त्याच नजरेने बघतो.

धाक काम करतो हे मी मान्य करतो. पण धाक कशावर चालतो? समोरून हल्ला होतोय की नाही हे काही मिनिटांत ओळखण्यावर. म्हणजे अलार्मवर. आणि अलार्म खोटे वाजतात, कितीही महागडं सेन्सर बसवा. रात्रपाळीत ज्याने पॅनलसमोर बसून काढली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून आम्ही एका डिटेक्टरवर प्लांट बंद करत नसू, तीनपैकी दोन बोलले तरच ट्रिप.

26 सप्टेंबर 1983ला सोव्हिएत उपग्रहाने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. ड्यूटीवर स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल होता. जमिनीवरच्या रडारवर काहीच दिसत नव्हतं, आणि हल्ला करायचाच तर कुणी फक्त पाच सोडणार नाही, असा विचार करून त्याने वर खोटा अलार्म म्हणून कळवलं. नंतर कळलं, ढगांवर चमकलेलं ऊन उपग्रहाने क्षेपणास्त्र समजून घेतलं होतं. त्या रात्री धाकाची यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली होती. जग वाचलं ते ती अडवणाऱ्या माणसामुळे.

दुसरा प्रसंग मला जास्त छळतो. 25 जानेवारी 1995. नॉर्वेतून एक संशोधनाचं रॉकेट सुटलं, ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला. नॉर्वेने रशियाला आधी कळवलं होतं. पण तो निरोप रडारवर बसलेल्या लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. रॉकेट म्हणजे हल्ल्याचं क्षेपणास्त्र असं वाटलं, आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं डागण्याचा आदेश देण्याची ब्रीफकेस उघडली गेली. आमच्या भाषेत हा शिफ्ट हँडओव्हरचा घोटाळा. लॉगबुकमधली एक ओळ पुढच्या पाळीला न कळल्याने काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

करार नेमके यासाठी आहेत. 1962मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेल्या पेचात निरोप पोहोचायला तासन्‌तास लागत होते, म्हणून 1963मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन आली. लाल फोन ही समजूत आहे. सुरुवातीला ते टेलिप्रिंटर होते, बोलण्यात चूक होऊ नये म्हणून मुद्दाम लेखी.

कळवेकर, ‘कागद’ म्हणालात म्हणून हे सांगतो. 1987च्या अमेरिका-सोव्हिएत आयएनएफ करारात मध्यम आणि कमी पल्ल्याची 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट झाली. ती कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून नाही. रशियात वोटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या गेटबाहेर अमेरिकन निरीक्षक मुक्कामाला होते, बाहेर पडणारी वाहनं तपासायला. अमेरिकेत यूटामधल्या कारखान्याच्या गेटवर सोव्हिएत निरीक्षक होते. गेटवर शत्रूचा माणूस उभा राहू देणं याला मी कागद म्हणणार नाही. 1986च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या घरात आहेत. नुसत्या धाकाने आकडा वाढतच गेला होता.

दुःख याचं आहे की ही चौकट उखडली जातेय. आयएनएफ 2019मध्ये संपला. रशिया-अमेरिकेच्या न्यू स्टार्ट करारात दोघांना 1,550 तैनात अण्वस्त्रांची मर्यादा आणि वर्षाला अठरापर्यंत तपासण्या होत्या. रशियाने 2023मध्ये त्यातला सहभाग थांबवला, आणि कराराची मुदतही 5 फेब्रुवारी 2026पर्यंतचीच होती.

कळवेकर

काका, गेटवरच्या निरीक्षकांचं माहीत नव्हतं. पण ते रशिया-अमेरिकेचं झालं. आपला शेजारी तर ‘आधी वापरणार नाही’ हेही म्हणायला तयार नाही. आपण 2003च्या धोरणात लिहून बसलो. इथे कसले करार टिकणार?

निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, ऐरोली

टिकलेत. 31 डिसेंबर 1988ला भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. 1992पासून दर 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची अदलाबदल होते. 1 जानेवारी 2002ला संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्यं सीमेवर जमत होती, तरी याद्या दिल्या. 26/11नंतर सव्वा महिन्यानेही दिल्या. वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याशी अणुभट्ट्या आहेत. करारात संशोधन अणुभट्ट्याही येतात. माझी नातवंडं खाडीच्या या बाजूला राहतात, मला त्या यादीची किंमत कळते.

बाई, नौपाडा

काका, मनापासून आभार. याद्यांचं ऐकून तिने लगेच वहीत लिहून घेतलं. तिचा आणखी एक प्रश्न: आपल्याकडे अजून कुठे भोक राहिलंय?

निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, ऐरोली

फार चांगला प्रश्न. भारत-पाकिस्तानच्या 2005च्या करारानुसार बॅलिस्टिक (उंच जाऊन खाली लक्ष्यावर पडणाऱ्या) क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी निदान तीन दिवस कळवावं लागतं, आणि प्रक्षेपणाची जागा सीमेपासून चाळीस किलोमीटरच्या आत चालत नाही. क्रूझ, म्हणजे विमानासारखी खालून उडत जाणारी क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. 9 मार्च 2022ला देखभालीच्या वेळी आपल्याकडून एक क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. आपलं जाहीर निवेदन 11 तारखेला आलं. चौकशीत ठरलेली कार्यपद्धती (एसओपी) पाळली नसल्याचं निघालं आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ते 2007च्या अण्वस्त्र-अपघातांच्या करारातही बसत नाही, कारण तो अण्वस्त्रांपुरता आहे. तिला सांगा, क्रूझचा समावेश करा आणि चुकून काही सुटलं तर काही मिनिटांत फोन करायचं बंधन घाला, ही मागणी भाषणात ठेव. परीक्षकांनी उलट प्रश्न विचारला तर 1995चं नॉर्वेचं रॉकेट हाताशी ठेवायला सांगा. तिथे पूर्वसूचना दिलेली होती, म्हणून ‘कळवलं की झालं’ एवढ्यावर थांबता येत नाही. निरोप रडारच्या खुर्चीपर्यंत गेला की नाही, हे तपासण्याची सोय करारातच हवी.