१६८ वर्षांचा मेंढपाळ: शिराली मुस्लिमोवचं खरं वय किती असावं?

रानवाट

शिराली मुस्लिमोव हे नाव कुणाच्या वाचनात आलंय का? सोव्हिएत काळातल्या अझरबैजानचा मेंढपाळ. इराणच्या सीमेलगत तालिश डोंगर आहेत, तिथे लेरिक जिल्ह्यात बार्झावू नावाचं खेडं, तिथला. जन्म २६ मार्च १८०५, मृत्यू २ सप्टेंबर १९७३. करा वजाबाकी. १६८ वर्षं! नेपोलियनचा राज्याभिषेक होऊन चार महिने झाले तेव्हा हा जन्मला आणि माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर गेला. १३६ व्या वर्षी लग्न केलं आणि त्यानंतर मुलगी झाली, असंही सांगतात.

यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, डोंगरातली हवा, झऱ्याचं पाणी, दही, चालणं, का नाही जगणार? मला ते पटत नाही, पण 'अशक्य' यापलीकडे माझ्याकडे मुद्दा नाही. शोधायला गेलं की एकतर 'दीर्घायुष्याचं रहस्य' नाहीतर 'सगळी थाप', मधलं काही सापडत नाही. थाप असेल तर ती नेमकी कुणाची? त्या म्हाताऱ्याची, गावाची की सरकारची? जाणकारांनी लिहावं.

डोंगरवारा

बाबांच्या बाजूने एक मत. असा हा एकटाच नाही. हार्वर्डचे डॉक्टर अलेक्झांडर लीफ यांनी कॉकेशसमधला अबखाझिया, पाकिस्तानातलं हुंझा आणि इक्वेडोरमधलं विल्काबांबा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन म्हाताऱ्यांना तपासलं आणि १९७३ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला. तिन्ही जागा डोंगराळ, साधं जेवण, मरेपर्यंत काम. इतकी माणसं उगाच खोटं बोलतील का? १६८ नसेल, पण १४० तरी असेल की.

दाखलेवाली काकू

रानवाट, माझी नोकरी विम्यातली. वयाचे दाखले तपासणं हेच काम, त्यामुळे कुणाचंही वय ऐकलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: हे कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं? काय खायचा, किती चालायचा हे सगळं त्यानंतर.

१ जूनला जन्मलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. ती खरी नसते, पण त्यात कुणी लबाडी केलेली असते असंही नाही. रकाना होता, तो भरायला हवा होता. फरक एवढाच की तिथे चूक वर्षा-दोन वर्षांची असते, कारण मूल समोर उभं असतं. साठ-सत्तरीच्या माणसाचं वय पहिल्यांदा कागदावर येतं तेव्हा गुरुजींना पाहायला मूल नसतं.

आता तुमच्या मेंढपाळाचं बघा. त्याच्या वयाला आधार म्हणून सांगितला जातो तो एकच कागद, त्याचा सोव्हिएत पासपोर्ट. तिथे देशांतर्गत पासपोर्टची, म्हणजे ओळखपत्राची, पद्धत सुरू झाली ती १९३२ च्या अखेरीस. जन्म १८०५ चा म्हणताय, म्हणजे जन्म आणि नोंद यांच्यात निदान सव्वाशे वर्षांचं अंतर. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या पुढ्यात काय होतं? एक म्हातारा आणि त्याचं तोंडी सांगणं. माझ्याकडे असा दाखला आला असता तर मी त्याला वयाचा पुरावा म्हटलंच नसतं. तो त्या माणसाच्या बोलण्याचा पुरावा.

मागाहून केलेलं रजिस्टर ओळखायलाही सोपं असतं. दहा वर्षांतले जन्म एकाच शाईत, एकाच हाताने, अक्षराचा कल सुद्धा न बदलता. पहिल्या पानावर जेवढी घाई, तेवढीच शेवटच्या पानावर. खरं रजिस्टर घाणेरडं असतं. मध्येच शाई बदलते, कारकून बदलतो, कुठे ओल लागलेली असते, एखादं नाव समासात घुसवलेलं असतं. मुस्लिमोवच्या बाबतीत तर तेही नाही. तपासायला रजिस्टरच नाही.

डोंगरवारा, '१४० तरी असेल' हे घासाघीस केल्यासारखं झालं. वय असं ठरत नाही. हिशेबच करू. ११० पार केलेल्या माणसांची जी खात्रीलायक माहिती जमली आहे, त्यावरून त्या वयानंतर एक वर्ष काढण्याची शक्यता साधारण निम्मी उरते. दरवर्षी एक नाणं उडवायचं, छापा पडला तर पुढचा वाढदिवस. ११० पासून १२२ गाठायला सलग बारा छापे, म्हणजे ४,०९६ त एक. अवघड आहे, पण ११० ओलांडणारे हजारांच्या घरात असले तर एखाद्याला जमेल. १४० ला सलग तीस छापे, म्हणजे १०७ कोटींत एक. आणि १६८ ला अठ्ठावन्न. तो आकडा २,८८० कोटी गुणिले एक कोटी यात एक असा येतो. पृथ्वीवर आजवर जन्मलेली सगळी माणसं मोजली तरी ती १२ हजार कोटींच्या आत भरतात. तेवढ्या सगळ्यांनी ११० गाठून नाणी उडवली असती तरी कुणी १६८ पर्यंत पोचण्याची आशा धरता येत नाही.

आणखी एक खूण. ज्यांचं वय सिद्ध झालंय अशा ११० च्या पुढच्या दहा माणसांत नऊ बायका असतात. कागदोपत्री सिद्ध झालेला सर्वांत दीर्घायुषी पुरुष म्हणजे जपानचे जिरोएमोन किमुरा, २०१३ मध्ये वारले तेव्हा वय ११६ वर्षं ५४ दिवस. बायकांत फ्रान्सच्या आर्ल गावच्या जान काल्मां, १२२ वर्षं १६४ दिवस, १९९७ मध्ये गेल्या. त्यांच्यापाशी जन्माची नोंद, लग्नाची नोंद, एकामागून एक जनगणना, सगळं होतं. तरीही २०१८ मध्ये दोन रशियन संशोधकांनी शंका काढली की खऱ्या जान काल्मां आधीच वारल्या आणि त्यांची मुलगीच आईच्या नावावर जगली. बहुतेक तज्ज्ञांना ते पटलेलं नाही. पण बघा, एवढ्या कागदांनिशी १२२ वर वाद होतो आणि एका पासपोर्टवर १६८ मान्य करायचं?

बखरबहाद्दर

काकूंच्या मुद्द्याला इतिहासातून थोडी पुस्ती.

१८०५ मध्ये बार्झावूच्या भागात रशियन राज्यच नव्हतं. तिथे तालिश खानाची सत्ता होती. तो मुलूख रशियाकडे गेला १८१३ च्या, रशिया आणि इराण यांच्यातल्या गुलिस्तान तहाने. म्हणजे पासपोर्ट देणाऱ्या सरकारच्या आधीचं झारचं सरकारसुद्धा अजून तिथे पोचायचं होतं. अशा जागी, हिजरी सन चालत असताना, एका मेंढपाळाच्या पोराची इंग्रजी कालगणनेतली तारीख दिवसासकट मिळते हेच मला खटकतं. २६ मार्च ही नौरोजनंतरच्या, म्हणजे इराणी नववर्षानंतरच्या आठवड्यातली तारीख आहे. 'नौरोजच्या सुमाराला झाला' एवढं घरात कुणी सांगितलं असेल आणि पुढे त्याची तारीख झाली असेल. हा माझा तर्क, पुरावा नाही.

थाप कुणाची, यावर झोरेस मेदवेदेव या सोव्हिएत जीवशास्त्रज्ञाने देश सोडल्यावर १९७४ मध्ये लिहिलं होतं. त्याच्या मते पहिल्या महायुद्धात आणि यादवीत फौजेत जायचं टाळण्यासाठी अनेकांनी बापाचे कागद आपले म्हणून दाखवले आणि नंतर तेच वय चिकटलं. सायबेरियातल्या याकुतियाच्या एका 'वयोवृद्धा'चा फोटो वर्तमानपत्रात आल्यावर ओळखीच्या लोकांनी पत्र धाडलं की हा पळून आलेला शिपाई, बापाच्या कागदांवर जगतोय. वय निघालं ७८. शिवाय स्टालिन स्वतः जॉर्जियाचा, त्याला कॉकेशसचे म्हातारे आवडायचे, त्यामुळे खालचे अधिकारी असे म्हातारे हुडकून काढायचे.

पण हे मुस्लिमोवला जसंच्या तसं लावू नका. दक्षिण कॉकेशसच्या मुसलमानांना झारच्या काळात सक्तीची भरती नव्हती, त्याऐवजी ते कर भरत. त्याला बापाचे कागद चोरायची गरज काय? मला वाटतं इथे लबाडी शोधूच नये.

डोंगरवारा

चांद्र वर्षं मोजली असतील तर? हिजरी वर्ष लहान असतं ना?

दाखलेवाली काकू

चांगली शंका. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. १६८ हिजरी वर्षं म्हणजे आपली १६३. पाच वर्षं सुटली, दुखणं तिथेच.

बखरबहाद्दर म्हणतात तसं लबाडी न शोधता वय कसं फुगतं, याचं उत्तम उदाहरण विल्काबांबाचं. लीफ यांनाच पुढे शंका आली, मग मॅझेस आणि फोरमन या दोघांनी तिथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. गावात शंभरी गाठलेलं एकही माणूस नव्हतं. एका म्हाताऱ्याचा माग तर फारच छान लागला. १९४४ मध्ये तो खरा ६१ चा, सांगत होता ७०. पाच वर्षांनी सांगितले ८०. १९७० मध्ये खरं वय ८७ आणि सांगितलेलं १२१. त्या हिशेबाने त्याचा जन्म त्याच्या आईच्याही आधी झाला होता! साठीपर्यंत माणूस वय नीट सांगतो, सत्तरीनंतर गावात मान वाढतो तशी वर्षंही वाढतात. त्यात त्या गावात नात्यानात्यात तीच तीच नावं, आजोबाचं नाव नातवाला. नोंद कुणाची ते कुणी खात्रीने सांगायचं?

जपानचा शिगेचियो इझुमी तर १२० वर्षांचा म्हणून गिनेसमध्ये होता. पुढे अभ्यासकांना वाटू लागलं की त्याच्या आधी वारलेल्या थोरल्या भावाचं नाव त्याला दिलं गेलं असावं आणि वय १०५ असावं. आईबापांनी गेलेल्या मुलाची आठवण ठेवली, एवढंच.

रानवाट

सगळ्यांचे आभार, बाबांना वाचून दाखवतोय. मग काकू, मुस्लिमोवचं तुमच्या मते वय काय? आणि तो खोटारडा नव्हता असं धरलं तर त्याच्या आयुष्यातलं खरं काय उरतं?

दाखलेवाली काकू

कागद नसला की मी रकाना रिकामा ठेवते. अंदाज हवाच असेल तर शंभरच्या अलीकडे-पलीकडे. विल्काबांबात १३० सांगणारे खरे ९५ च्या आसपास निघाले होते, त्यावरून म्हणते. पण अंदाजावर सही करायची नसते.

उरतं मात्र बरंच, आणि माझा राग तिथेच आहे. समजा तो १८७० च्या आसपास जन्मला. म्हणजे झारची राजवट त्याने प्रौढपणी पाहिली. १९१८ ते १९२० स्वतंत्र अझरबैजान, मग १९२० च्या एप्रिलमध्ये लाल फौज. मग १९३० च्या दशकात सामुदायिक शेती आली, ज्याच्या त्याच्या मेंढ्या कोलखोझच्या, म्हणजे सामुदायिक शेतसंस्थेच्या झाल्या. एका मेंढपाळाच्या जन्मात यापेक्षा मोठी घटना कुठली? तुझ्या किती मेंढ्या गेल्या, कुरणं कुणाकडे गेली, तालिश बोलणारी पोरं शाळेत कुठल्या भाषेत शिकायला लागली? मी वाचलेल्या बातम्यांत हे कुणी विचारलेलं दिसत नाही. सगळे विचारतात काय खातोस, दारू पितोस का, सिगारेट ओढतोस का. १६८ या आकड्याने त्याचं शंभर वर्षांचं आयुष्य गिळलं.

सरकारने यात काय केलं ते बघायचं तर त्याच लेरिक जिल्ह्यातला महमूद ऐवाझोव पहा. १९५६ मध्ये '१४८ वर्षं' म्हणून त्याचं टपाल तिकीट निघालं. एकदा तिकिटावर आकडा छापला की गावातला कुठला पोरगा उठून म्हणणार, आजोबा, तुम्ही तर माझ्या आजीपेक्षा लहान?

रानवाट

बाबांनी वाचलं. म्हणाले, "वयाचं राहू दे, दही आणि हवा चांगली असते हे तरी मान्य करा."

दाखलेवाली काकू

मान्य, चांगलीच असते. पण बाबांना एक सांगा. १९५९ च्या सोव्हिएत जनगणनेत शंभरी पार केलेले २१ हजारांहून जास्त होते. १९७० च्या जनगणनेत ते १९ हजारांच्या आसपास आले. मधल्या काळात देशाची लोकसंख्या वाढली होती, दवाखाने वाढले होते, शाळा शिकलेलेही वाढले होते. हवा तीच, दही तेच, आणि शंभरीवाले घटले. हे कशाने, ते त्यांनाच विचारा.